मिनी आनापान: दहा मिनिटं, तीही फुकट

२०२० च्या टाळेबंदीत इगतपुरीची दहा दिवसांची विपश्यना ध्यानाची शिबिरं थांबली, तेव्हा विपश्यना शिकवणाऱ्या गोएंका गुरुजींच्या आवाजातलं हे हिंदी ऑडिओ कामी आलं. आनापान म्हणजे नाकपुड्यांशी येणारा-जाणारा श्वास नुसता बघायचा. मोजायचा नाही, लांबवायचा नाही, मंत्रही नाही. इथेच बहुतेकांची गाडी अडते: प्राणायामाच्या सवयीने श्वास ओढला जातो आणि डोकं जड होतं. श्वास जाणवेनासा झाला तर दोन-चार मुद्दाम जोरात घ्या, मग पुन्हा आपोआप येऊ-जाऊ द्या. पायाला मुंग्या येत असतील तर बुडाखाली चादरीची जाड घडी ठेवा, गुडघे जमिनीला टेकू द्या. ऑडिओ आधी उतरवून फोन फ्लाइट मोडवर टाका, नाहीतर ऑफिसवाले सोडतात थोडेच! जेवल्यावर मात्र बसू नका, पेंग येते. शिबिराची सर याला नाही.