कार्कासोन की अझुल: मित्रांसोबत आधी कोणता शिकावा?

दोन्ही टाइल मांडून खेळायचे बोर्ड गेम. पाच जण असाल तर प्रश्नच मिटला. अझुल जास्तीत जास्त चौघांचा, कार्कासोन पाच जणांना खेळता येतो. चौघांपर्यंत असाल तर मात्र निवड करावी लागेल. जर्मनीचा 'श्पील देस यारेस' हा मानाचा पुरस्कार दोन्ही खेळांना मिळाला आहे: कार्कासोनला २००१ मध्ये, अझुलला २०१८ मध्ये. तेव्हा चांगला कोणता यापेक्षा तुमच्या कंपूला कुठली कुरघोडी आवडते, हे बघा.

कार्कासोनचा नकाशा सगळ्यांचा मिळून एकच. पाळी आली की एक टाइल उचलायची, कडा जुळवून लावायची (रस्त्याला रस्ता, शेताला शेत, शहराला शहर) आणि वाटलं तर त्याच टाइलवर आपली सोंगटी बसवायची. खेळवायला सोंगट्या जेमतेम सात, आणि शहर किंवा रस्ता पूर्ण झाल्याशिवाय त्या परत मिळत नाहीत. खरी मजा पुढे आहे. दुसऱ्याच्या शहरात थेट शिरता येत नाही, पण शेजारी आपलं छोटं शहर सुरू करून नेमकी मधली टाइल पडली की दोन्ही एक होतात. सोंगट्या समसमान असतील तर दोघांनाही पूर्ण गुण. आपल्या दोन आणि त्याची एक असेल तर सगळे गुण आपले. असं शहर हातचं जातं तेव्हा टेबलावर जो गलका होतो, त्यासाठी मी हा खेळ पुन्हा पुन्हा मांडतो.

अझुलमध्ये प्रत्येकाची टाइल लावायची भिंत स्वतंत्र, भांडण फक्त उचलण्यावरून. चकत्यांवर चार-चार टाइल असतात. एका चकतीवरच्या एका रंगाच्या सगळ्या घ्यायच्या, उरलेल्या मध्यभागी सरकवायच्या. घेतलेल्या टाइल एकाच ओळीत लावायच्या आणि न मावलेल्या खाली वजा गुणांच्या रांगेत. तिथे पहिल्या दोन जागांचा एकेक गुण जातो, पुढच्या तीन जागांचे दोन-दोन, शेवटच्या दोन जागांचे तीन-तीन. म्हणजे नको असलेला रंग दुसऱ्याच्या गळ्यात मारला की एका फेरीत त्याचे १४ गुणसुद्धा जाऊ शकतात. नियम दहा मिनिटांत समजतात. पण टेबलावरचं सगळं उघडं असल्यामुळे मोजून खेळणारा नवख्याला सहज हरवतो. दोघांत तर हा बुद्धिबळासारखा शांत, धारदार होतो.

सगळेच नवखे असाल तर माझं मत कार्कासोनच्या बाजूने. टाइल सर्वांसमोर उघडी पडते, त्यामुळे 'ही इथे लाव' असं एकमेकांना सांगत शिकता येतं. पहिल्या डावात शेतकरी मात्र बाजूला ठेवा. शेतकरी म्हणजे शेतात आडवी ठेवलेली सोंगटी; ती खेळ संपेपर्यंत परत येत नाही आणि शेताला लागून असलेल्या प्रत्येक पूर्ण शहराचे तीन गुण अगदी शेवटी देते. हे आधी सांगूनही पहिल्यांदा कुणाच्या लक्षात राहत नाही, मग शेवटच्या मोजणीत वाद होतात. दुसऱ्या डावापासून घ्या.

कंपूत एखाद्याला जास्त वेळ बसवत नसेल, तर आधी किंगडमिनो हा छोटा खेळ काढा. डॉमिनोसारख्या ४८ टाइल, पाच बाय पाचचं राज्य, आणि पंधरा-वीस मिनिटांत डाव संपतो.