लाल डोळा: मेडिकलवरून ड्रॉप आणावा की डोळ्यांच्या डॉक्टरांना दाखवावं?

शेतातून कुणी लाल डोळा घेऊन घरी आलं की आपल्याकडे एकच बोललं जातं, "डोळे आले असतील, मेडिकलवरून ड्रॉप आण." साथीत ते बहुतेकदा खरंही असतं. चिपडं येतात, सकाळी पापण्या चिकटतात, डोळ्यात खडा गेल्यासारखं खुपतं, एका डोळ्याचं दुसऱ्याला आणि मग घरभर. पण चिपडं पुसली की नजर साफ असते, आणि आठ-पंधरा दिवसांत डोळे बरे होतात.

पण लाल डोळा म्हणजे दर वेळी डोळे येणं नसतं. युव्हेआयटिस नावाच्या आजारात सूज डोळ्याच्या आत असते, बहुतेकदा बुबुळाच्या रंगीत पडद्याला. चिपडं नसतात. लाली बुबुळाच्या कडेनं गोल उठते, डोळा आतून ठणकतो, धूसर दिसतं, उजेड नको होतो. चांगल्या डोळ्यावर टॉर्च मारला तरी कळ दुखऱ्या डोळ्यात येते. तो पडदा मागच्या भिंगाला चिकटला तर बाहुली वाकडी होते. म्हणून सूज उतरवायच्या ड्रॉपसोबत बाहुली मोठी करणारा ड्रॉपही देतात. सूज डोळ्याच्या मागच्या भागात असेल तर लाली किंवा दुखणं नसूनही नजर कमी होऊ शकते.

डोळा लाल व्हायचं तिसरं कारण म्हणजे उसाचं पाचट किंवा ज्वारीचं पान लागणं. बुबुळावर पांढरट ठिपका दिसला तर बुरशीची जखम असू शकते.

मला सगळ्यात भीती वाटते ती स्टेरॉइडच्या, म्हणजे सूज उतरवायच्या ड्रॉपची. युव्हेआयटिसमध्ये तेच मुख्य औषध. बुरशीच्या जखमेत त्यानंच डोळा जाऊ शकतो. डोळे आले असतील तर त्याची सहसा गरजच नसते. यातलं काय आहे ते स्लिट लॅम्पखाली, म्हणजे डॉक्टरांच्या डोळे मोठे करून बघायच्या यंत्राखाली, पाहिल्याशिवाय नक्की कळत नाही, मेडिकलच्या काउंटरवर तर नाहीच.

माझ्या मावसभावाला युव्हेआयटिस पुन्हा पुन्हा व्हायचा. त्यानं दोनदा स्टेरॉइडची जुनीच बाटली वापरली. लाली गेली की चौथ्या दिवशी बंद. खरं तर हे ड्रॉप सांगतील तसे हळूहळू कमी करायचे असतात, आणि मनानं चालू ठेवले तर डोळ्यातला दाब वाढू शकतो, मोतीबिंदूही होऊ शकतो. तिसऱ्या वेळी डॉक्टरांनी त्याला कंबरेचं विचारलं. सकाळी कंबर आखडते, चाललं की मोकळी होते, हे तो वर्षानुवर्षं कामाचा शीण समजत होता. निघाला मणक्याचा वात, आणि डोळ्याच्या सुजेचं मूळही तेच. काहींमध्ये मूळ टीबीचं निघतं, म्हणून रक्त आणि छातीचा एक्स-रे सांगितला तर टाळू नका.

ठणका, धूसर नजर किंवा उजेडाचा त्रास असेल, किंवा डोळ्याला पान लागलं असेल, तर त्याच दिवशी निघा. संभाजीनगरची घाटी, अंबाजोगाई, लातूर, नांदेड इथल्या सरकारी मेडिकल कॉलेजांत नेत्रविभाग आहेत. जाताना घरातल्या अर्धवट बाटल्या सोबत घ्या. आधी काय टाकलं होतं ते डॉक्टरांना कळायला हवं.