हे खातं कुणाचं, आणि चालू आहे का? फिंगर, आयडी, गेट-ईएनटी, एलएस-लॉगिन्स: कुठली कमांड कशासाठी

अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या टॉवेल-चादरीच्या कारखान्यांत चित्र बहुतेक ठिकाणी सारखंच दिसतं. ऑफिसच्या कोपऱ्यात एक लिनक्स सर्व्हर, त्यावरून सांबाने (लिनक्सवरची फोल्डरं विंडोजला दाखवणारा प्रोग्रॅम) शेअर केलेली फोल्डरं आणि डिझाइन, बिलिंग, डिस्पॅच यांची विंडोजवर चालणारी मोजकी मशिन्स. माणसं थोडी, खाती बरीच. कारण माणूस सोडून जातो आणि खातं तसंच राहतं. मग एके दिवशी मालक हाक मारतात, "ते पॅकिंगचं पोरगं गेलं की काम सोडून. त्याचं लॉगिन बंद केलंय ना?"

सोलापुरात या प्रश्नाला आणखी एक पदर आहे. सिद्धाराम, सिद्धेश्वर, सिद्धप्पा हे तिघं एकाच विभागात काम करत असणं ही काही नवलाची गोष्ट नाही. सर्व्हरवर ते सिद्धू, सिद्धू1 आणि सिद्धू2 होऊन बसलेले असतात. बंद कुणाला करायचं?

कमांड लाइनवर ही माहिती काढायला डझनभर वाटा आहेत. कुठली वापरायची हे ठरवताना बरेच जण कुणाचं आउटपुट वाचायला सोपं ते पाहतात. माझ्या मते पाहायचं ते वेगळंच: ती कमांड नेमकी कुठलं रजिस्टर उघडते? कारखान्यात पगारपत्रक, हजेरीचं मस्टर आणि गेटवरची वही वेगवेगळी असते, आणि एकात नाव आहे म्हणून दुसऱ्यात असेलच असं नाही. खात्यांचंही तसंच आहे. (कमांड इथे देवनागरीत दिल्यात, प्रॉम्प्टवर रोमनमध्येच टंकायच्या.)

माणूस ओळखायचा असेल तर

सगळ्यात जुनी सवय म्हणजे ईटीसी फोल्डरमधली पासडब्ल्यूडी फाइल ग्रेपने (मजकूर शोधणारी कमांड) चाळणं. एका ओळीत विसर्गासारख्या कोलनने तोडलेले सात रकाने असतात:

सिद्धू2:एक्स:1007:1007:सिद्धाराम, पॅकिंग:/होम/सिद्धू2:/बिन/बॅश

नाव, पासवर्डच्या जागी एक्स (पासवर्डचं सांकेतिक रूप, म्हणजे हॅश, शॅडो फाइलीत असतं), यूआयडी (खात्याचा क्रमांक), जीआयडी (मुख्य ग्रुपचा क्रमांक), मग माणसाची माहिती, होम फोल्डर आणि शेल (कमांड घेणारा प्रोग्रॅम). पाचव्या रकान्याला जीकॉस म्हणतात. बेल लॅब्जमधल्या युनिक्स मशिनवरून जीकॉस या दुसऱ्या सिस्टिमकडे छपाईची कामं पाठवताना लागणारी ओळख त्यात ठेवत, त्यावरून हे नाव चिकटलं. छपाई गेली, रकाना राहिला. खातं उघडताना बहुतेक जण तो एंटर मारून रिकामा सोडतात. तीन सिद्धू असलेल्या ऑफिसात तो रिकामा सोडणं म्हणजे पुढच्या माणसाला कोडं घालणं. पूर्ण नाव आणि विभाग एवढं लिहिलं तरी पुरतं, आणि नंतर यूजरमॉडच्या -सी पर्यायाने भरताही येतं.

ग्रेप चालतं, पण ते फक्त ती एक फाइल पाहतं. खाती एलडॅपवर किंवा ॲक्टिव्ह डिरेक्टरीवर, म्हणजे मध्यवर्ती सर्व्हरवरच्या यादीत असतील, जशी कॉलेजच्या लॅबमध्ये असतात, तर ग्रेपला तो माणूस सापडणारच नाही. तुम्हाला वाटेल खातंच नाही, आणि तो शेजारच्या खुर्चीत बसून लॉगिन करत असेल. म्हणून "गेट-ईएनटी पासडब्ल्यूडी सिद्धू2" हीच सवय लावून घ्यावी. ही कमांड एनएस-स्विच फाइलीत जो क्रम दिलाय त्याप्रमाणे आधी स्थानिक फाइल, मग डिरेक्टरी असं विचारत जाते आणि ओळ त्याच सात रकान्यांची देते. नावाऐवजी 1007 हा आकडा दिला तरी चालतो. स्क्रिप्टमध्येही ही भरवशाची, कारण खातं नसेल तर एक्झिट कोड (कमांड संपताना परत देते तो आकडा) 2 येतो.

एक गोम लक्षात असू द्या. नाव न देता नुसतं "गेट-ईएनटी पासडब्ल्यूडी" चालवलं आणि मागे एसएसएसडी (डिरेक्टरीतून खाती आणणारी सेवा) असेल, तर डिरेक्टरीतली खाती यादीत सहसा येत नाहीत, कारण सगळ्यांची यादी देणं तिथे मुळात बंद ठेवलेलं असतं. नाव घेऊन विचारलं की उत्तर मिळतं. तेव्हा यादीत नाही म्हणून खातं नाही, असं धरून चालू नका.

आयडीचं काम वेगळं: यूआयडी, मुख्य ग्रुप आणि बाकीचे ग्रुप एका ओळीत. "डिझाइनचं फोल्डर उघडत नाही" अशी तक्रार आली की पहिली कमांड हीच. पण नुसतं "आयडी" आणि "आयडी सिद्धू2" यांत फरक आहे. नुसतं आयडी चालू सेशनकडे असलेले ग्रुप सांगतं, नाव दिलं की खात्याच्या नोंदी नव्याने वाचतं. तुम्ही आत्ता कुणाला डिझाइन ग्रुपमध्ये घातलंत, तर नाव दिलेल्या उत्तरात तो ग्रुप लगेच दिसेल, त्याच्या उघड्या टर्मिनलमधल्या नुसत्या आयडीत दिसणार नाही. बाहेर पडून परत लॉगिन केलं की दोन्ही जुळतात. निम्म्या तक्रारी इथेच मिटतात.

फिंगरबद्दल अजून विचारणा होते, विशेषतः जुनी पुस्तकं वाचून आलेल्या मुलांकडून. स्टॅनफर्डच्या एआय लॅबमध्ये लेस अर्नेस्टने 1971 मध्ये ते लिहिलं. कोण जागेवर आहे, कोण केव्हापासून गायब आहे हे कळावं म्हणून. पुढे ते नेटवर्कवरही आलं, पोर्ट 79 वर, म्हणजे दुसऱ्या गावच्या मशिनवरच्या माणसाची माहितीही घरबसल्या मिळू लागली. नोव्हेंबर 1988 मधल्या मॉरिस वर्मने (मशिनवरून मशिनवर आपोआप पसरणारा प्रोग्रॅम) पसरायला ज्या वाटा वापरल्या त्यांत या फिंगरच्या सर्व्हरमधली एक चूकही होती. आज बहुतेक लिनक्सवर ते मुळात नसतं. मुद्दाम इन्स्टॉल करू नका, निदान त्याचा सर्व्हर तर नाहीच. तसंच आउटपुट हवं असेल तर कोअर-युटिल्समध्ये (लिनक्सच्या मूलभूत कमांडचा संच) "पिंकी -एल" असते. नाव, होम, शेल सगळं नीट मांडून देते.

खातं चालू आहे का, हे पाहायचं असेल तर

खरी गल्लत होते ती इथे. आयडी आणि गेट-ईएनटी दोन्ही खातं आहे एवढंच सांगतात. पासवर्ड लॉक केलेलं खातंही त्यांत अगदी धडधाकट दिसतं.

"पासडब्ल्यूडी -एस सिद्धू2" (एस मोठा) चालवलं की उबुंटू-डेबियनवर दुसऱ्या रकान्यात पी, एल किंवा एनपी येतं: पासवर्ड आहे, लॉक आहे, पासवर्डच नाही. एल दिसलं की लोक निर्धास्त होतात. होऊ नये. लॉक म्हणजे हॅशच्या आधी एक उद्गारचिन्ह लावलेलं असतं, बस्स. त्या माणसाने एसएसएचची (दुरून लॉगिन करायची सोय) की, म्हणजे पासवर्डऐवजी चालणारी किल्ली-फाइल, टाकून ठेवली असेल तर तो तिच्या जोरावर आत येऊ शकतो, कारण तिथे पासवर्ड कुणी विचारतच नाही. खातं खरोखर मिटवायचं तर त्याची मुदत संपवावी लागते: "चेज -ई 1 सिद्धू2". चेजचं स्पेलिंग सी-एच-ए-जी-ई, आणि पर्यायातला ई मोठा. मग "चेज -एल सिद्धू2" मारलं की खात्याची मुदत 2 जानेवारी 1970 ला संपल्याचं दिसेल. तारीख पाहून दचकू नका, युनिक्सचं कॅलेंडर 1 जानेवारी 1970 पासून सुरू होतं. एवढं करूनही आधीच उघडं असलेलं सेशन बंद होत नाही, तेव्हा "डब्ल्यू" चालवून तो आत बसलेला नाही ना, ते पाहून घ्यावं.

कारखान्याच्या ऑफिसात याहून मोठी पळवाट सांबा. त्याचे पासवर्ड त्याच्या स्वतःच्या डेटाबेसमध्ये असतात. लिनक्सचा पासवर्ड लॉक केला म्हणून सांबाचा होत नाही. तिथली स्थिती "पीडीबी-एडिट -एल -व्ही सिद्धू2" सांगते. या कमांडमधला एल मोठा, चेजमधला छोटा. अकाउंट फ्लॅग्जच्या ओळीत डी असेल तर बंद, नुसता यू असेल तर शेअर केलेली फोल्डरं त्याला अजून उघडताहेत. बंद करायला "एसएमबी-पासडब्ल्यूडी -डी". विंडोज मशिन्स समोर असलेल्या ऑफिसात मी तर सगळ्यात आधी हेच पाहीन.

खातं काढूनच का टाकू नये? टाकता येतं, पण त्याच्या फायली मागे राहिल्या तर त्यांवर मालक म्हणून नुसता 1007 उरतो. हा सगळ्यात मोठा क्रमांक असेल तर पुढच्या नव्या खात्याला यूजर-ॲड तोच देऊन मोकळं होतं, आणि नवा पोरगा पहिल्याच दिवशी जुन्याच्या फायलींचा धनी होतो.

शेवटचं लॉगिन

लास्टलॉग प्रत्येक खात्याची शेवटची वेळ देतं, लास्ट मागची सगळी आवक-जावक. लास्टचा सोलापूरकरांना एक जादा उपयोग: वीज जाऊन यूपीएसनेही दम तोडला, तर त्या वेळच्या सेशनपुढे "क्रॅश" लिहिलेलं येतं आणि वर रीबूटची नोंद. उन्हाळ्यात ही नोंद बरीच सापडते.

लास्टलॉगवरून मात्र खाती छाटायला बसू नका. फक्त सांबाच्या फोल्डरात काम करणारा माणूस शेलमध्ये कधी येतच नाही. लास्टलॉग त्याच्यापुढे "कधीही लॉगिन केलं नाही" असं छापतं आणि तो तिकडे रोज सकाळपासून डिस्पॅचच्या शीट भरत असतो. आणखी एक बदल ध्यानात घ्या: 2038 सालच्या वेळेच्या अडचणीमुळे ही जुनी फाइलपद्धत हळूहळू मागे पडतेय. डेबियन 13 मध्ये लास्ट आणि लास्टलॉग आपोआप मिळत नाहीत, त्यांच्या जागी डब्ल्यूटीएमपी-डीबी आणि लास्टलॉग2 आहेत. जुनी स्क्रिप्ट नव्या सर्व्हरवर नेताना आधी हे तपासा.

एकाच कमांडने भागवायचंय, असा हट्ट असेल तर रूट (सगळे अधिकार असलेलं खातं) होऊन "एलएस-लॉगिन्स सिद्धू2". यूआयडी, जीकॉस, ग्रुप, शेवटचं लॉगिन, पासवर्डची स्थिती सगळं एकाखाली एक येतं. "एलएस-लॉगिन्स -यू" दिलं तर सिस्टिमची खाती वगळून माणसांचीच यादी. दहा-तीस खात्यांच्या ऑफिसला महिन्याचा आढावा घ्यायला याहून सोयीचं काही नाही. सांबाची बाजू मात्र तेही दाखवत नाही, आणि डिरेक्टरीतल्या खात्यांची यादी गेट-ईएनटीइतकीच अर्धवट. लॅब सांभाळणाऱ्याने त्यावर विसंबू नये.

समोरच्या विंडोज मशिनवर

इथे निवड सोपी आहे. एका खात्यापुरतं "नेट यूजर" आणि पुढे नाव: खातं चालू आहे का, पासवर्ड कधी बदलला, शेवटचं लॉगिन, ग्रुप. सगळी खाती एकदम हवी असतील, एक्सेलला द्यायची असतील, तर पॉवरशेलमधलं "गेट-लोकलयूजर". नेट यूजर लांब नावाचे ग्रुप अर्धवट कापून दाखवतं आणि ग्रुपच्या आत असलेला ग्रुप सांगतच नाही. परवानगीचा प्रश्न असेल तर त्या माणसाच्याच लॉगिनमध्ये "हू-ॲम-आय /ग्रुप्स" चालवणं बरं.

डोमेन (सगळ्या मशिन्सची खाती एकाच ठिकाणी ठेवायची पद्धत) असेल तर "नेट यूजर" ला शेवटी "/डोमेन" जोडा, किंवा मॉड्यूल टाकून "गेट-एडी-यूजर" वापरा. शेवटच्या लॉगिनच्या दोन नोंदी तिथे असतात. लास्ट-लॉगऑन प्रत्येक डोमेन कंट्रोलरवर (ती खाती सांभाळणारा सर्व्हर) वेगळी राहते, एकीकडची दुसरीकडे जात नाही. लास्ट-लॉगऑन-टाइमस्टॅम्प सगळीकडे पोचते, पण ती तब्बल चौदा दिवसांपर्यंत मागे असू शकते. गड्ड्याच्या जत्रेची रजा संपवून जानेवारीच्या तिसऱ्या आठवड्यात कामावर आलेला माणूस तिच्यात जानेवारीच्या पहिल्या आठवड्यापासून गायब दिसू शकतो. तेव्हा या तारखेवरून खाती बंद करायची असतील तर निदान पंधरवडा जमेस धरून मागची तारीख घ्या, आणि कंट्रोलर एकच असेल तर सरळ लास्ट-लॉगऑनच वाचा.