अश्वगंधा, ब्राह्मी आणि माझं आयबीएस: आठ महिन्यांनंतर

मला आयबीएस आहे, म्हणजे आतड्यांचा जुनाट त्रास (इरिटेबल बॉवेल सिंड्रोम), त्यातलं जुलाबवालं. मुलुंडहून फास्ट लोकल धरायची की स्लो, हे माझं पोट ठरवतं. बहुतेकदा स्लोच, कारण मध्येच उतरता येतं. कुठल्या स्टेशनवर शौचालय कुठल्या टोकाला, हे तोंडपाठ.

गेल्या पावसाळ्यात मन पार बसलं. रडूही येईना. मावशी म्हणाली, "अगं, गोळ्यांच्या मागे लागू नकोस, अश्वगंधा घे." दादरच्या काष्ठौषधीच्या दुकानातून चूर्ण आणलं आणि रात्री गरम दुधातून अर्धा चमचा सुरू केलं. आठवडाभर पोटाने जो काही धिंगाणा घातला! दोष दुधाचा होता. मला दूध पचत नाही हे माहीत असून आजीच्या पद्धतीने घ्यायची हौस. मग ३०० मिलिग्रॅमची कॅप्सूल घेतली. दोन घेतल्या की पुन्हा जुलाब, रात्री जेवणानंतर एक मात्र सोसली. तीन आठवड्यांत झोप नक्की सुधारली. उदासी तिथेच. थायरॉइडचा त्रास असणाऱ्यांनी अश्वगंधा डॉक्टरांना विचारूनच घ्यावी, त्या हार्मोनची पातळी वाढू शकते.

ब्राह्मी दोन आठवड्यांत बंद केली. मळमळ, कळा, दिवसातून चार-पाच फेऱ्या. पोटाच्या या तक्रारी तिच्या नेहमीच्याच आहेत, हे नंतर कळलं. शिवाय ब्राह्मी म्हणून कुठे खरी ब्राह्मी मिळते, कुठे मंडूकपर्णी ही वेगळीच वनस्पती. माझ्या पुडीत काय होतं देव जाणे.

खरा उपयोग झाला पुदिन्याच्या तेलाच्या कॅप्सूलचा, पण फक्त कळांना. ती आतड्यात जाऊन विरघळावी म्हणून वरून आवरण असतं. मी एकदा घाईत चावली आणि अंधेरीपर्यंत छातीत जळजळ घेऊन बसले.

चौथ्या महिन्यात वजन सहा किलो उतरलं. मी आयबीएसच्या नावावर खपवत होते. पोटाच्या डॉक्टरांनी खडसावलं: नुसत्या आयबीएसने वजन असं उतरत नाही. तपासण्या स्वच्छ निघाल्या. मी जेवतच नव्हते. त्यांनी मानसोपचारतज्ज्ञांकडे पाठवलं. सर्ट्रालीन या डिप्रेशनच्या गोळीने जुलाब वाढू शकतात म्हणून त्यांनी रात्रीची मर्टाझापीन ही दुसरी गोळी दिली. तिने भूकही लागते, झोपही येते. अश्वगंधा आधी बंद करायला लावली, दोन्हींनी गुंगी येते म्हणून. ऑनलाइन कार्टमध्ये सेंट जॉन्स वर्ट हे उदासीवरचं परदेशी वनौषधही पडून होतं, त्यावर मात्र ते चांगलेच चिडले. डिप्रेशनच्या गोळ्यांबरोबर ते घेतलं तर सेरोटोनिन धोकादायक वाढू शकतं, आणि गर्भनिरोधक गोळीचाही परिणाम कमी होतो. "नैसर्गिक आहे" हे मी आठ महिन्यांत किती जणांकडून ऐकलं असेल!

मर्टाझापीनच्या पाचव्या आठवड्यात एका रविवारी मला स्वतःहून पोहे करावेसे वाटले. कांदा न घालता, त्याने पोट फुगतं.

उरलेली ब्राह्मी आईने खोबरेल तेलात उकळली. केसांना छान आहे म्हणते.