वर्षाचा गहू की महिन्याची पिशवी?

आम्ही दोन्ही करून बसलोय. पुण्यात आल्यावर पहिली सहा वर्षं दर महिन्याला दुकानातून आठ-दहा किलो गहू. गेली चार वर्षं एप्रिलमध्ये मार्केटयार्डातून एकदम एक क्विंटल. चार माणसं आणि दोन्ही वेळा पोळी, एवढ्याला तो जेमतेम वर्षभर जातो.

पैशांचं आधी उरकतो. किलोमागे चार-पाच रुपये सुटतात. त्यातून हमाली आणि टेम्पो वजा करा. उरेल त्यासाठी कुणी कोठी विकत घेऊ नये. शिवाय ती पत्र्याची कोठी आमच्या पलंगाशेजारी उभी आहे, तिच्यावर पाहुण्यांच्या गाद्या.

मग भरतो कशाला? कणकेपायी. दुकानात पाटी कायम 'लोकवन', पण एका महिन्याचं पीठ पाणी पीत सुटायचं आणि पुढच्या महिन्याचं तेवढ्याच पाण्यात सैल व्हायचं. आमच्याकडे कणीक मी मळतो, त्यामुळे हे दुखणं माझंच. हात बसतोय तोवर पिशवी संपलेली. विचारलं की उत्तर ठरलेलं, "माल तोच आहे साहेब." (लोकवन म्हणजे मुळात 'लोक-१', गुजरातेत सणोसऱ्याच्या लोकभारती संस्थेतलं वाण. पाटीवर मात्र काहीही लोकवन असतं.) आता एप्रिलमध्ये दोन-तीन गाळ्यांवरून दोन-दोन किलो आणतो, दळून पोळ्या करून बघतो आणि जमेल तोच घेतो. मग वर्षभर पाण्याचं माप बदलत नाही. कुणाला हे क्षुल्लक वाटेल, पण माझं पारडं इथेच झुकलं.

कष्ट आहेत, नाही म्हणत नाही. गच्चीवर दोन कडक उन्हं द्यायची, कबुतरं हाकत बसायचं. ऊन दिलेला गहू गरम असताना भरायचा नाही. रात्रभर पसरून गार होऊ द्यायचा, नाहीतर आत घाम धरतो. सोंडे दाण्याच्या आत अंडी घालतात, म्हणून चाळलेला स्वच्छ गहूसुद्धा पावसाळ्यात पोखरलेला निघू शकतो. आम्ही कोठी पाटावर, भिंतीपासून वीतभर दूर ठेवतो आणि पावसाळ्यात कोरडा दिवस बघून पंधरा दिवसांचा गहू एकदम काढून घेतो. सल्फासच्या गोळ्या कुणी सुचवल्या तरी घरात आणू नका. त्यातून विषारी वायू निघतो, माणसं दगावलेली आहेत.

तांदूळ मात्र महिन्याचाच. एकदा पंचवीस किलो इंद्रायणी बोरिक पावडर लावून ठेवला होता. चार पाण्यांनी धुऊनही घास घेताना मन खायचं. रवा-बेसनाचा तर प्रश्नच नाही. ज्वारी यंदा अर्धा कट्टा भरून पाहिली, अजून मत बनलेलं नाही.

घरात दोघंच असाल, किंवा दर दोन वर्षांनी भाड्याचं घर बदलत असाल, तर पिशवीच बरी. भरली कोठी तिसऱ्या मजल्यावरून उतरवताना हमालाने माझ्याकडे कसं पाहिलं होतं ते मला आठवतंय. बाकीच्यांनी निदान तीस किलोचा एक कट्टा घेऊन पाहावा. श्रावणापर्यंत पुरतो.