बांबूची पाठ, सागाचं पोट: पावसाळ्यापर्यंतचा अनुभव

माझी ६८ इंची लाँगबो, म्हणजे लांब, साधी धनुष्याची कमान: २८ इंचांच्या खेचीला ४५ पौंड जोर, पाठीला (निशाणाकडच्या बाजूला) बांबू, पोटाला (खेचणाऱ्याकडच्या बाजूला) साग, जोड इपॉक्सी गोंदाचा. सागासाठी कारागिराने दीड हजार जास्तीचे लावले आणि मी ते खुशीने दिले. आपल्याकडे साग म्हटलं की पुढचं कोणी विचारत नाही.

सुरुवातीला तक्रारीला जागाच नव्हती. हाताला धक्का नाही, ३० मीटरवर बाण एकमेकांना लागून पडायचे. श्रावणात मात्र दोरी उतरवल्यावरही कमान वाकलेलीच राहायला लागली, खेचही हलकी वाटू लागली.

पहिला संशय जोडावर. साग तेलकट, ताजा रंधा मारून ॲसिटोनने पुसला नाही तर गोंद नीट धरत नाही. पण जोड कुठेच उघडलेला नव्हता. मग दिवा तिरपा धरून पोट पाहिलं. मुठीच्या वर वीतभर अंतरावर, रेषांना आडव्या, केसाएवढ्या सुरकुत्या. नख फिरवलं की अडकतं. तिथलं लाकूड दबून चुरलंय.

कमान खेचली की पाठ ताणली जाते, पोट दबतं. बांबूच्या सालीलगतचे धागे ताणाला इतके चिवट की सहज लांबत नाहीत. झीज सगळी पोटाच्या वाट्याला येते. लाकूड मुळातच ताणापेक्षा दाबाला कमजोर. सागाची ख्याती आहे ती पाण्यापावसात न फुगण्याची, वाळवीला दाद न देण्याची. दारं-खिडक्यांना तेवढं पुरतं, कमानीच्या पोटाला नाही. परदेशातले कारागीर बांबूखाली इपे घालतात, दक्षिण अमेरिकेतलं, पाण्यात बुडेल इतकं जड लाकूड. आपल्या सह्याद्रीत धामण आहे, चिवट आणि लवचीक, धनुष्यासाठी पूर्वापार नावाजलेली. ती सोडून साग का?

पण मग जाडी मोजायला कॅलिपर लावला आणि सागावरचा राग निम्मा उतरला. बांबूची पट्टी मुठीजवळ साडेपाच मिलिमीटर! ती आतून तासून तीनवर आणली असती, किंवा पाठ पोटापेक्षा अरुंद ठेवली असती, तर याच सागाने बरीच वर्षं काढली असती. लाकडं एकेकटी चांगली असून भागत नाही, एकमेकांना झेपली पाहिजेत. जोडी जमवणं हेच तर कारागिराचं काम, आणि पैसे त्याचेच मोजले होते.

फोन केला तर म्हणाला, "दादा, दोरी चढवून ठेवली असणार." मी ती रोज उतरवतो. आता तो पोटावर पातळ पट्टी चिकटवून द्यायला तयार आहे, अर्ध्या खर्चात. चुरलेल्या धाग्यांवर पट्टी मला नको. माझं म्हणणं साधं आहे: ते दीड हजार परत करू नकोस, त्यात धामणीचं पोट घालून दे, फळी मी आणतो. उत्तर आलेलं नाही. तोवर ही कमान क्लबात कोणालाच खेचू देत नाही, कारण ती मोडली तर पूर्ण खेचीत मोडेल, आणि तेव्हा ती तोंडासमोर असते.