झोलेड्रोनिक ॲसिड की डेनोसुमॅब?

प्रोस्टेट कॅन्सर हाडांत पसरला की हाडे जपण्यासाठी बहुधा या दोनपैकी एक औषध सुरू होते. झोलेड्रोनिक ॲसिड ४ मिलिग्रॅम, शिरेतून, किमान १५ मिनिटे; घाईने सोडले तर मूत्रपिंडाला इजा होऊ शकते. म्हणून दर डोसआधी क्रिएटिनिन (मूत्रपिंडाचे काम दाखवणारी रक्तचाचणी) तपासायचेच. पहिल्या डोसनंतर ताप, अंगदुखी येऊ शकते, ती ओसरते.

डेनोसुमॅब १२० मिलिग्रॅम, दर ४ आठवड्यांनी, त्वचेखाली. मूत्रपिंड कमजोर असेल तर हेच बरे, पण नेमके अशाच रुग्णांत रक्तातले कॅल्शियम धोकादायक घसरते: ओठांभोवती मुंग्या, पायांत गोळे. मध्येच सोडले तर हाडांची झीज उसळते, मणके पिचू शकतात. झोलेड्रोनिक हाडातच साठून राहते, त्यामुळे डोस लांबला तरी तितके बिघडत नाही.

जबड्याचे हाड मरण्याचा धोका दोन्हींत. म्हणून काढायचा दात औषध सुरू होण्याआधीच काढा, जखम भरू द्या.